रिमोल्ड टायर खदानीत चालतो का?

दगडखाणीवर टिपर चालवणाऱ्या दोघांना हा प्रश्न विचारला तर दोन उत्तरे येतात आणि दोन्ही ठाम असतात. एक म्हणतो, "रिमोल्डच्या नादी लागू नका. पट्टा निघतो आणि भरलेली गाडी चढावर उभी राहते." दुसरा म्हणतो, "मागच्या आठ टायरांत नवा घालायचा कशाला? दगडाला काय कळतंय नवा का जुना!" दोघेही खरे बोलत असतात. दोघांनी पाहिलेले टायर मात्र वेगळे असतात आणि तो वेगळेपणा वरून दिसत नाही. रिमोल्ड टायर बाहेरून नव्यासारखा काळाभोर, कंगोरे धारदार. आत काय आहे, ते त्याच्या आधीच्या आयुष्यावर ठरलेले असते.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, वाघोलीच्या बाजूला खदानीवर काही वर्षे दोन दहाचाकी टिपर चालवायचे. हिशेबाची वही माझ्याकडे असे. त्या वहीत डिझेलच्या खालोखाल मोठा आकडा टायरांचा. महिन्याचे हप्ते, चालकाचा पगार, दुरुस्ती हे सगळे आधी अंदाजात बसायचे, टायर कधीच बसायचा नाही. म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. रिमोल्डच्या कारखान्यात दिवसभर उभा राहिलो, पंक्चरवाल्याकडे बसलो, खदानीतल्या भंगाराच्या ढिगात हात घातला. त्यातून जे समजले ते क्रमाने सांगतो.

आधी शब्द. जुने लोक याला रिसोल म्हणतात, बुटाला नवा सोल लावल्यासारखे. काही जण नुसते "रबर चढवले" म्हणतात. व्यवसायात रिट्रेड हा शब्द आहे आणि आपल्याकडे रस्त्यावर सर्रास रिमोल्ड. कामाच्या पद्धती दोन असल्या तरी बोलताना सगळ्यांना रिमोल्डच म्हणतात. मीही तेच म्हणेन.

टायरचे दोन भाग मनात वेगळे करायला हवेत. जमिनीला घासते ती वरची नक्षीची जाड पट्टी. खदानीत वापरायच्या नव्या लग टायरची नक्षी साधारण 18 ते 24 मिलिमीटर खोल असते. तिच्या खाली आहे तो टायरचा सांगाडा, म्हणजे केसिंग: रिमला घट्ट बसणाऱ्या बीडच्या तारा, त्यांच्यावरून वळवलेले नायलॉनचे किंवा पोलादी दोऱ्यांचे थर, रेडियल असेल तर नक्षीखालचे पोलादी पट्टे आणि दोन्ही बाजूंच्या भिंती. ओझे उचलते ते केसिंग, आतल्या हवेच्या जोरावर. नक्षीचे काम पकड घेणे आणि झिजणे. टायर गोटा झाला की माणूस म्हणतो टायर संपला. खरे तर तेव्हा संपलेली असते फक्त वरची पट्टी. टायर बनवायला लागलेला बहुतेक माल, मेहनत आणि पैसा खाली शिल्लक असतो. ट्रकचा एक नवा टायर बनवायला साधारण 80 लिटर खनिज तेल खर्ची पडते आणि रिमोल्डला 26 लिटरच्या आसपास, हा या उद्योगात नेहमी दिला जाणारा हिशेब त्या शिल्लक केसिंगमुळेच आहे.

म्हणजे रिमोल्ड टायर घेताना आपण पैसे नव्या रबराचे देतो, पण घरी आणतो एक जुने केसिंग. या लेखातले पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

नवे रबर जुन्या टायरला चिकटते कसे? नुसत्या सोल्युशनने नाही. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडले की रबरात गंधक मिसळून तापवले तर त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. चिकट, वितळणारे रबर चिवट आणि टिकाऊ होते. त्याला व्हल्कनायझेशन म्हणतात. रिमोल्डमध्ये हाच प्रकार जुन्या-नव्याच्या सांध्यावर पुन्हा घडवून आणतात. एक पद्धत गरम: कच्चे रबर चढवून टायर साच्यात घालायचा आणि साधारण 150 अंशांना शिजवायचा, नक्षी साच्यातच उमटते. दुसरी पद्धत थंड, म्हणजे तुलनेने थंड: नक्षीची पट्टी कारखान्यातून आधीच शिजून येते आणि ती केसिंगला 100 ते 120 अंशांत बसवतात. या दुसऱ्या पद्धतीची मुळे बर्नार्ड नोवाक या जर्मन माणसाकडे जातात. रॉय कार्व्हर या अमेरिकन उद्योजकाने 1957 मध्ये उत्तर अमेरिकेसाठी तिचे हक्क घेतले आणि बँडॅग कंपनी उभी केली. पुढे 2007 मध्ये ती ब्रिजस्टोनने विकत घेतली. कमी उष्णतेत केसिंगला त्रास कमी होतो, म्हणून ट्रकच्या टायरांसाठी आज बहुतेक ठिकाणी थंड पद्धतच चालते. कोळशाच्या खाणीतल्या प्रचंड डंपरांचे टायर मात्र अनेकदा गरम पद्धतीने होतात. त्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे एका टायरची किंमत लाखांत असते आणि त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारणे परवडते. आपण दहाचाकी, बाराचाकी टिपरपुरते बोलू, ज्याला खदानीवर सगळे हायवा म्हणतात. मूळ हायवा ही हौदा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बनवणारी डच कंपनी; तिचे नाव आपल्याकडे गाडीलाच चिकटले.

आता कारखान्यात आत जाऊ. मी गेलो तिथे दाराशीच एक माणूस स्टुलावर बसला होता. समोर टायरच्या कडा फाकवणारे यंत्र आणि डोक्यावर झळझळीत दिवा. टायर सावकाश फिरत होता आणि त्याचा तळहात आतल्या बाजूवरून सरकत होता. मध्येच हात थांबला, अर्धा इंच मागे आला, पुन्हा तिथेच फिरला. खडूने गोल केला. मला म्हणाला, "हात लावून बघा." मला काहीच कळले नाही. त्याने टोच्या आत घातला तेव्हा दिसले, खिळ्याएवढे भोक होते आणि त्याच्या भोवती रबर किंचित सुटले होते. "बाहेरून पाणी गेलंय. तार गंजली असणार." तो टायर बाजूला गेला. त्या दिवशी दुपारपर्यंत आलेल्या टायरांतले बरेच त्याने परत पाठवले. गिऱ्हाईक चिडत होते, तो ढिम्म होता.

माझ्या मते कारखान्याची परीक्षा याच स्टुलावर होते. जो रिमोल्डवाला आणलेला प्रत्येक टायर घेतो, त्याच्याकडे जाऊ नये. मोठ्या कारखान्यांत याच्या जोडीला बारीक भोके शोधणारे विजेच्या ठिणगीचे यंत्र असते, काही ठिकाणी लेझरने आतले सुटलेले थर दाखवणारे यंत्रही असते. तेही नसेल तर नजर, तळहात आणि टोच्या हवाच. बीड वाकडी, भिंतीत दोरे तुटलेले, आतून सुरकुत्या, पट्ट्यांना गंज, भिंतीवर वयाच्या भेगा, यांतले काही सापडले की टायरचा प्रवास तिथेच संपायला हवा.

पास झालेला टायर बफिंगला जातो. टायरात हवा भरून तो फिरवतात आणि दातेरी चाकाने उरलेली नक्षी खरवडतात. काळ्या शेवयांसारखे रबर खाली पडत जाते, जळक्या रबराचा वास घशात बसतो. ठरलेल्या गोलाईपर्यंत खरवडून पृष्ठभाग मखमलीसारखा खरखरीत करायचा; गुळगुळीत राहिला तर सांधा धरत नाही, फार खोल गेला तर पट्ट्याची तार उघडी पडते. मग छोट्या जखमा एकेक करून साफ करतात, कडा तिरक्या कापतात, त्यांत रबर भरतात. आरपार भोक असेल तर आतून पॅच. सोल्युशनचा फवारा, त्यावर कुशन गमचा, म्हणजे सांधा धरणाऱ्या कच्च्या रबराचा, पातळ थर आणि त्यावर नक्षीची पट्टी, 10.00-20 टायरला साधारण बारा ते पंधरा किलोची. पट्टीची दोन टोके जिथे मिळतात तो जोड नीट जमवतात, रोलर दाबून मधली हवा काढतात. मग टायरला रबरी पिशवी घालतात, आतली हवा ओढून घेतात आणि असे अनेक टायर एका मोठ्या लोखंडी चेंबरमध्ये तीन-चार तास शिजतात. बाहेर आल्यावर हवा भरून शेवटची तपासणी.

ऐकायला सोपे वाटते. बिघडते ते साध्या गोष्टींनी: बफ केलेल्या टायरवर धूळ बसली, पावसाळी हवेचा ओलावा धरला, तेलकट हात लागला, खरवडलेला टायर दुसऱ्या दिवसापर्यंत उघडा पडला, वीज गेली आणि चेंबरची वेळ कमी भरली. यातले काहीही झाले तरी तयार टायर दिसतो तसाच काळाभोर. कारखाना बघताना म्हणून फरशी बघावी, बफिंगची धूळ ओढणारा पंखा चालू आहे का बघावे आणि चेंबरवरच्या घड्याळाकडे कुणी लक्ष देते का, तेही.

इतके सगळे नीट झाले तर रिमोल्ड टायर भरवशाचा असतो का? हो. विमानांचे टायर नियमाने पुन्हा पुन्हा रिमोल्ड होतात आणि त्यांच्यावरच विमाने उतरतात. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर ट्रकच्या टायरांचे तुकडे पडलेले असतात, त्याचा दोष सगळे रिमोल्डला देत. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने तिथल्या सरकारसाठी असे तुकडे आणि केसिंग गोळा करून तपासली. 2008 च्या अहवालात दिसले की मुख्य दोष रस्त्यावरच्या वस्तूंनी झालेल्या इजेचा आणि कमी हवेचा आहे. नवे टायरही त्याच कारणांनी फुटत होते.

पण तो हमरस्ता झाला. आपल्या खदानीत काय होते?

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर बसला आहे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर. सुरुंग उडाल्यावर हा दगड फुटतो तो धारेने फुटतो. ताज्या डबराची कड बोटाला लावून पाहा. पोकलेन गाडी भरत असताना काही डबर खाली सांडते, टिपर मागे घेताना मागची चाके त्यावर चढतात आणि चढावर चाक जागेवर फिरले तर तीच धार नक्षीचे लचके तोडते. कोकणातला आणि गोव्यातला जांभा असा कापत नाही, त्यामुळे तिकडच्या चालकाचा अनुभव आपल्या खदानीला जसाच्या तसा लावता येत नाही. पावसाळ्यात हे आणखी वाईट, कारण ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते. पाणी तिथे वंगणाचे काम करते. जूनमध्ये खदान चालू असेल तर आठवड्यात होणारी इजा उन्हाळ्यातल्या महिन्यासारखी असते, हे आमच्या वहीतही दिसत होते.

कापण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक पैशांचा आहे. नक्षीवर बसलेला काप वरच्या रबरात संपला तर रिमोल्डला काही धक्का नाही. उलट नव्या टायरचे महाग रबर तिथे वाया जाण्यापेक्षा रिमोल्डचे स्वस्त रबर गेलेले बरे. काप खोल जाऊन पट्ट्यापर्यंत पोहोचला किंवा दगडाने भिंत चिरली, तर नवा असो की रिमोल्ड, टायर गेला. त्या दिवशी नवा टायर असेल तर नुकसान जास्त.

इथे नायलॉन आणि रेडियलचा मुद्दा येतो. रेडियलच्या पोलादी पट्ट्यापर्यंत काप गेला की चिखलपाणी आत शिरते आणि गंज पसरतो. वरून बोटभर चीर, आतून तळहाताएवढा पट्टा गंजलेला. अशा केसिंगवर चढवलेले रबर पट्ट्यासकट सुटते आणि मालक म्हणतो रिमोल्ड खराब. नायलॉनच्या दोऱ्याला गंज नाही, त्याची भिंत जाड. म्हणून निव्वळ खदानीतल्या कमी वेगाच्या गाड्यांवर जुने चालक आजही नायलॉनवर विश्वास ठेवतात. नायलॉन लवकर तापतो, हा त्याचा दोष.

तापण्याचे नीट समजून घ्यायला हवे, कारण आपला खदानीचा ट्रक पूर्णवेळ खदानीत नसतो. खाणीच्या तळापासून क्रशरपर्यंत तो पंधरा-वीसच्या वेगाने जातो. पण तीच गाडी संध्याकाळी खडी भरून चाळीस किलोमीटरवरच्या बांधकामावर डांबरी रस्त्याने पळते. मे महिन्यात डांबर 60 अंशांच्या वर तापू शकते. टायरचा प्रत्येक फेरा म्हणजे रबराचे एक दबणे आणि सुटणे. त्यातून उष्णता होते, ती जाड रबरातून लवकर बाहेर पडत नाही. जास्त ओझे, जास्त वेग, कमी हवा, या तिघांपैकी दोघे एकत्र आले की जुन्या-नव्याचा सांधा भाजू लागतो. कापाला टिकणारे चिवट रबर जास्त तापते, हेही ध्यानात ठेवावे लागते. म्हणून रिमोल्डवाल्याला गाडीचा खरा रस्ता सांगायचा: किती खदान, किती डांबर. फक्त खदान असेल तर खोल लगची, कापाला टिकणारी पट्टी. निम्मे डांबर असेल तर उथळ नक्षी आणि थंड चालणारे रबर. "चांगला माल लावा" एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानात असेल तो माल लागतो.

हवेबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती महत्त्वाची. ठरलेल्या दाबापेक्षा वीस टक्के हवा कमी असताना चाललेला टायर हा बसलेला टायर समजावा, असा या धंद्यातला नियम आहे. 110 पौंडांच्या जागी 88 पौंड झाले की झाले. जोडचाकांत आतला टायर असा बसला तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो, चालकाला कळत नाही आणि दिवसभर आतल्याची भिंत मोडत राहते. पोलादी दोरे थकतात. अशा केसिंगवर रबर चढवून पुन्हा हवा भरली की भिंत चेनसारखी उघडू शकते, जवळ उभ्या माणसाचा जीव जाऊ शकतो. क्लीनर टॉमीने ठोकून "टणक आहे" म्हणतो, त्याच्या कानाला 88 आणि 110 मधला फरक कळत नाही. मीटर लावावा. रिमोल्ड टिकत नाही म्हणणाऱ्या किती मालकांकडे हवेचे मीटर आहे, हे मी विचारून पाहिले आहे. बहुतेकांकडे नव्हते.

आता पैसे. पुढचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरतो आहे, आपल्या भागातले भाव आणि खेपा घालून तो पुन्हा मांडावा. समजा नवा टायर 22,000 रुपयांचा. तो खदानीत 2,500 खेपा देतो आणि गोटा झाल्यावर त्याचे धड केसिंग 3,000 रुपयांना विकले जाते. म्हणजे खर्च 19,000, खेपेमागे 7 रुपये 60 पैसे. तेच केसिंग न विकता 6,500 रुपये देऊन रबर चढवले तर खर्च 9,500. विकून मिळाले असते ते 3,000 यात धरायलाच हवेत, बहुतेक लोक ते विसरतात. या टायरने 1,700 खेपा दिल्या तर खेपेमागे 5 रुपये 59 पैसे. फायदा आहे, पण गावभर सांगितला जातो तेवढा नाही. आणि हाच टायर 600 खेपांवर फुटला तर खेपेमागे जवळपास 16 रुपये, शिवाय चढावर अडलेली गाडी, तिच्या मागे थांबलेल्या चार गाड्या आणि बुडालेला अर्धा दिवस. या आकड्यांत बरोबरी होते 1,250 खेपांवर, म्हणजे नव्याच्या निम्म्या आयुष्यावर. आमच्या वहीत मी तीच रेघ धरली होती: ज्या जागी रिमोल्ड नव्याच्या निम्म्याहून खाली येतो, त्या जागी तो घालायचा नाही.

दोन गोष्टींनी हे गणित हलते. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, त्यामुळे कराचा परतावा न घेणाऱ्या छोट्या मालकासाठी नवा टायर थोडा जवळ आला आहे. दुसरी गोष्ट स्वस्त नव्या टायरांची. चीनमधून आलेल्या स्वस्त ट्रक रेडियलांनी मधल्या काळात बाजार भरला होता. 2017 मध्ये सरकारने त्यांच्यावर अँटी-डम्पिंग शुल्क लावले. स्वस्त नवा टायर रिमोल्डच्या भावाच्या जवळ येतो तेव्हा मोह होतो. पण त्याचे केसिंग दुसरे आयुष्य देण्याजोगे नसेल तर ते 3,000 रुपये शेवटी मिळत नाहीत आणि पुढचे रिमोल्डही मिळत नाही. नवा टायर घेताना त्याच्या दुसऱ्या जन्माची किंमत धरून घ्यावी.

टायर कुठे घालायचा, याबद्दल मी हटवादी आहे. पुढच्या एक्सलला रिमोल्ड घालू नये. अमेरिकेत ट्रकला पुढे रिमोल्ड चालतो, बसला पुढच्या चाकांवर कायद्याने मनाई आहे. पण आपल्या खदानीच्या उतारावर, भरल्या गाडीचे स्टेअरिंग हातात असताना पुढचा टायर गेला तर चालकाला सावरायला दुसरे चाक नसते. मागे एका बाजूला चार टायर असतात, एक गेला तर गाडी उभी करायला वेळ मिळतो. पुढे नवा घालावा, तो निम्मा झिजला की मागे न्यावा, गोटा होण्याआधी काढून रिमोल्डला द्यावा आणि मागेच परत घालावा. जोडीत नवा आणि रिमोल्ड शेजारी लावताना दोन्हींची उंची मोजावी. व्यासात पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर उंच टायर दोघांचे ओझे एकटा वाहतो आणि आधी मरतो. जोडीमध्ये अडकलेला दगड खेप संपताच काढायचा, हे चालकाला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

गोटा होण्याआधी, असे मी म्हटले. कायद्याने ट्रकची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खदानीत तिथपर्यंत थांबायचेच नाही. पाच-सहा मिलिमीटर उरलेले असताना टायर काढला तर केसिंगवर दगड बसत नाही. तारा दिसायला लागेपर्यंत ओढलेला टायर म्हणजे शेवटच्या शंभर खेपांसाठी घालवलेले केसिंग.

राहिला बाजारात तयार मिळणारा रिमोल्ड. याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: खदानीसाठी घेऊ नये. त्याचे केसिंग कुणाचे, किती ओझ्याखाली, किती कमी हवेत चालले, कितव्यांदा रबर चढले, काहीच माहीत नसते. भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. त्यावरून वय कळते, चालचलन कळत नाही. घ्यायचाच झाला तर क्रशरवर पाणी मारणाऱ्या टँकरला घ्या, तळातून डबर वर आणणाऱ्या टिपरला नको.

हे मी पोळल्यावर सांगतो आहे. दादांनी एकदा आपले दोन चांगले टायर, एकाच जातीचे आणि एकदाही न फाटलेले, एका दुकानात रिमोल्डला दिले. परत आले तेव्हा नक्षी नवी होती, आम्ही खूश झालो. पाचव्या आठवड्यात चढावर एकाचा पट्टा निघाला. टायर उतरवून शिक्का पाहिला तर आमच्या टायरपेक्षा तो चार वर्षांनी जुना निघाला. आमचे केसिंग दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चालत होते. भांडायला कागद नव्हता, कारण देताना आम्ही काहीच लिहून घेतले नव्हते.

तेव्हा आपल्या खदानीत रिमोल्ड परवडेल की नाही हे ठरवायला दुकानात जायची गरज नाही. शेडच्या मागे भंगार टायरांचा ढीग असतो, तिथे जा. शेवटचे वीस टायर उलटून पाहा आणि प्रत्येक कशाने मेला ते लिहा. बहुतेक गोटा होऊन, भिंती धड ठेवून गेले असतील तर रिमोल्ड सुरू करा. केसिंग वाचत असताना तुम्ही ती भंगारात टाकत होता. बहुतेक भिंत चिरून, पट्टा कापून गेले असतील तर आधी पोकलेनवाल्याला सांगून भरण्याच्या जागेवरचे डबर रोज साफ करून घ्या, चढाचा रस्ता मुरूम टाकून दाबून घ्या, हवेचे मीटर आणा. हे केल्याशिवाय रिमोल्ड काय आणि नवा काय, दोन्ही त्याच ढिगात येणार.

आणि टायर रिमोल्डला देताना त्याच्या भिंतीवरचा सिरीयल नंबर आणि तो चार आकड्यांचा शिक्का वहीत उतरवा, दुकानाच्या पावतीवर लिहून सही घ्या. परत घेताना वही सोबत न्या आणि नंबर जुळल्याशिवाय टायर गाडीत चढवू नका.